डिग्री लावायची राहिली

“पोका-योके म्हणजे काय?” रविराज साहेबांनी सकाळच्या मीटिंगमध्ये विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. “म्हणजे अशी सोय, की ऑपरेटर कितीही येडा असला तरी त्याला चूक करताच येणार नाही.” बघितलं मात्र प्रेस मशीनवरच्या कंत्राटी ऑपरेटर स्वप्नालीकडं.

चाकणच्या त्या पत्र्याचे भाग कापणाऱ्या प्रेस शॉपमध्ये साहेबांना येऊन दीड महिना झाला होता. इंजिनिअर झाल्याची मस्ती तेवढ्यात कुठली उतरायला!

मीटिंग संपली तसा त्यांनी स्वप्नालीच्या क्रेटमधला एक तिकोनी तुकडा उचलला. काटकोनाच्या दोन्ही बाजू मोजल्या. उभी पंचेचाळीस मिलिमीटर, आडवी साठ. मग खिशातून कॅल्क्युलेटर काढून टकटक केलं.

“ड्रॉइंगला कोन सदतीस अंश. तुझा येतोय शून्य पॉइंट चौसष्ट. तीनशेच्या तीनशे पीस रिजेक्ट!” त्यांनी लाल टॅग काढला. “बीडहून गाड्या भरून येतात, आणि निस्तरायचं आम्ही.”

लाल टॅग लागला की कंत्राटी माणसाचा गेटपास त्याच दिवशी बंद. पण स्वप्नालीचा राग त्या भीतीहून मोठा होता.

“सर, एक अंशाचाबी कोन नसता तर ही उभी बाजू मिलिमीटरभरसुद्धा भरली नसती. तुम्ही आत्ताच पंचेचाळीस मोजली की!”

“टॅन इन्व्हर्स कशाशी खातात माहितीये का तुला?”

“आयटीआयला होता, सर. द्या इकडं.”

तिनं कॅल्क्युलेटर जवळजवळ हिसकावलाच. वर कोपऱ्यात बारीकसा ‘आर’. अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या मापावर लावलेला. तिनं मोडचं बटण दाबून ‘डी’ आणला आणि तेच आकडे पुन्हा मारले. छत्तीस पॉइंट सत्त्याऐंशी, म्हणजे सदतीसच.

“डिग्री लावायची राहिली होती, सर.”

शेजारच्या मशीनवरच्या सुमनताई फस्सकन हसल्या.

“कॅल्क्युलेटर खराब आहे,” साहेब म्हणाले. हातातला लाल टॅग कुठंतरी लावायचा, म्हणून तो कॅल्क्युलेटरलाच लावला आणि स्टोअरमधून नवा मागवला. चुकलं म्हणतील? छे! तेवढं कॉलेजात शिकवत नसावेत.

नवा आला तो स्वप्नालीच्या हातात. तिनं खोका फोडला, डिग्रीवर लावला, मोडच्या बटणावर काळ्या टेपचा तुकडा घट्ट चिकटवला आणि साहेबांपुढं धरला.

“हे काय?”

“पोका-योके, सर.”