सरांना वाचा फुटली

पक्षाघाताने रेगे सरांची वाचा गेली, तेव्हा त्यांच्या डोक्यात चिप बसवली होती. आज इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या प्रयोगशाळेत त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी ओवी हिने स्पीकर सुरू केला आणि सरांच्या मनातलं खणखणीत ऐकू आलं, "चौथ्या प्रकरणातला आलेख चुकलाय."

ओवी आनंदाने रडायलाच लागली. मालिनीबाई नवऱ्याजवळ वाकल्या. "अहो, मी आलेय."

"सिग्नलमध्ये खरखर फार आहे. फिल्टर बदल," स्पीकरमधून उत्तर आलं.

ओवी ओशाळली. "काकू, चिपला अजून प्रयोगशाळेतलेच शब्द येतात. घरातलेही शिकवू आपण."

"राहू दे गं," मालिनीबाई म्हणाल्या. त्यांना वाईटसुद्धा वाटलं नाही. "धडधाकट होते तेव्हाही घरात एवढंच बोलायचे."

आणि त्यांनी सरांच्या ओठांच्या कडेची लाळ पुसली.