उजवीकडचा सुळका

“आक्का, तू जा आदी,” साईराज म्हणाला. “माझा सांजंच्या अभंगाचा ठेका अजून बसंना.”

मंजुश्रीला हसू आलं नाही. आप्पांचा आजार दोघा भावंडांत उतरलाय का, ते आज कळणार होतं. बेळगावच्या त्या दवाखान्यात ज्याचा रिपोर्ट त्यानंच आत जायचं. भावाला बाकावर सोडून ती आत गेली.

आत बसलेल्या डॉक्टर नीलम मॅडमनी एक कागद पुढं ठेवला. सपाट रेघ, मधेच उभे सुळके.

“जनुकाचा तुकडा बारीक नळीतनं पळवायचा. लेसरपुढं आला की त्याला लावलेला रंग चमकतो. आखूड तुकडा लवकर पोचतो, लांब मागनं. त्यावरनं लांबी कळते.”

“लांब कशानं हुतो?”

“तीन अक्षरं असतात, तीच परत परत. कीर्तनातलं पालुपद असतं ना, तसं. सगळ्यांच्यात असतात. पण चाळीसच्या वर गेली की आजार. हा तुमच्या आप्पांचा कागद.”

पार उजवीकडं एकटाच एक सुळका होता. शेहेचाळीस.

आप्पा आता वडगावच्या घरी अंथरुणावर होते. पाच वर्षांमागं कीर्तनात टाळ घेऊन उभे असताना त्यांचे हातपाय आपसूक नाचायला लागले, तेव्हा लोक म्हणाले होते, भरमाआप्पाच्या अंगात पांडुरंग नाचतोय. रांगेनं पाया पडले होते. मंजुश्रीही पडली होती.

मॅडमनी दुसरा कागद सरकवला. तिनं डोळे गच्च मिटले. पांडुरंगा, पांडुरंगा, पांडुरंगा. किती वेळा म्हटलं, तिलाच ठाऊक नाही.

“उघडा डोळे. तुमचे सतरा आणि एकवीस, एक आईकडनं, एक आप्पांकडनं आलेला. उजवीकडं काही नाही.”

तिनं कागदालाच हात जोडले.

बाहेर साईराज अभंग गुणगुणत बसला होता. डावा पाय ठेका धरून हलत होता. तिला बघून त्यानं अभंग थांबवला.

“काय म्हणाल्या गं?”

“न्हाय मला.” तिला रडू फुटलं.

“बघ! उगंच जीव खाल्लास. माझं बी तसंच निघंल. बिगीबिगी आटपू, सांजंला उचगावात कीर्तन हाय.”

मंजुश्री डोळे पुसता पुसता खाली बघत राहिली. अभंग थांबला होता, त्याचा डावा पाय नव्हता.

“पाय थांबीव रं, साई.”

साईराजनं तिच्याकडं बघितलं.

“कुठला?”