आईचा खेळ

पाचव्या चालीलाच आईने वजीर फुकट देऊन टाकला, तेव्हा चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या तिच्या लेकीने फोन पालथा ठेवला आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

तिला बुद्धिबळ शिकवलं ते आईनेच. आईचा खेळ म्हणजे नुसता धडाका, समोरच्याला उसंत म्हणून द्यायची नाही. बाबा मात्र पटाच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. "नाचवा तुमचे घोडे," म्हणायचे आणि चहा घेऊन बाहेर बसायचे.

मग लेकीचा धाकटा भाऊ अपघातात गेला. स्कूटर ती चालवत होती. "पुन्हा मला तोंड दाखवू नकोस," आई म्हणाली आणि लेक दुसऱ्या गावात खोली घेऊन राहू लागली.

वर्षभराने धीर करून तिने आईच्या ऑनलाइन बुद्धिबळाच्या खात्यावर डावाचं आमंत्रण पाठवलं. घरातल्या जुन्या टॅबवरून ते स्वीकारलं गेलं. गिऱ्हाइकासमोरच तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

पण काय तो खेळ! कडेची प्यादी उगाच ढकललेली, उंट जागचे हललेले नाहीत, वजीर मारा म्हणून पुढ्यात. आईचं रेटिंग धडाधड घसरलं. लेकीला कळत होतं, आई मुद्दाम हरते आहे. तुझ्याशी धड खेळायचीही माझी इच्छा नाही, हेच ती सांगते आहे. बरोबरच आहे तिचं, असं वाटून ती खेळत राहिली.

हळूहळू राग निवळू लागला. आधी घोडे बाहेर आले. मग राजा वेळेवर कोपऱ्यात जाऊ लागला. जुना धडाका परतला नाही. आई आता जपून खेळे, प्याद्याला प्यादं धरून ठेवी, एकेका चालीला अर्धा अर्धा दिवस घेई. दुःखाने माणूस असा सावध होतो, असं वाटून लेकीचा जीव तुटे. रेटिंग मात्र चढत होतं.

रविवारी बाबांचा फोन यायचा. आईचा विषय दोघंही टाळत. एकदा तिला राहवलं नाही.

"बाबा, आई काल फार छान खेळली."

बाबांनी लगेच विचारलं, "छान म्हणजे? खरंच छान?"

"घोड्याने राजा आणि हत्ती एकदमच धरले. मला दिसलंच नाही."

"दिसलं नाही ना!" बाबा खुदकन हसले. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच. मग घसा खाकरून म्हणाले, "बरं, जेवलीस का तू?"

"मी येऊ का घरी?"

"थांब थोडं. खेळत राहा सध्या."

मग एका संध्याकाळी आईने तिला हरवलं. अगदी चोख हरवलं. आता थांबायचं कशाला? दुसऱ्या दिवशी सकाळच्याच बसने ती निघाली. नव्या डावातली पहिली चाल तिने वाटेतच खेळली.

दार आईने उघडलं. केस पार पिकले होते, हात कोपरापर्यंत साबणाने भरलेले. आतल्या खोलीत बाबा जुन्या टॅबवर मान खाली घालून बसलेले दिसत होते.

"का आलीस?" आई म्हणाली.

"आई, तू मला माफ केलंस ना?" तिने फोन पुढे केला. "कालच्या डावात..."

"कसला डाव?"

लेकीच्या हातातला फोन थरथरला. आईची चाल आली होती.