चौथं माकड

माणसाचा एचआयव्ही माकडात काही केल्या रुजत नव्हता. म्हणून तिने एका माकडाचं रक्त दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला, तिसऱ्याचं चौथ्याला दिलं. दर वेळी विषाणू थोडा बदलला, माकडाच्या शरीराला सरावत गेला. आज चौथं माकड खरोखर आजारी पडलं. आता त्याच्यावर नवी औषधं तपासता येणार होती. प्रयोगशाळेत टाळ्या वाजल्या, तिनेही वाजवल्या. मग तिने आईला फोन केला.

"जमलं, आई."

"म्हणजे वाचलं का ते?"

"नाही गं, आजारी पडलं. काही खात नाहीये."

"मग त्याच्याजवळ कुणी बसलंय का?"

"जवळ जायचं नसतं, आई."



"हाच आजार झाला होता तुझ्या दादाला. तेव्हाही आपण हेच म्हणत होतो."