चौथी प्रत

बेटावरच्या कोळ्यांची जुनी गेलिक धून मर्डिनानं चार फुंकवाद्यांसाठी बसवली होती. ती मध्येच तुटल्यासारखी संपायची, म्हणून ग्लासगोला शिकलेल्या या पोरीनं शेवटी पदरचा एक सूर जोडला. क्लॅरिनेटवाला तिचा धाकटा भाऊ मासेमारीला गेल्यानं तालमीला तिघंच होते. ओबो वाजवणारे टॉर्मोडकाका त्या सुराआधीच थबकले. "हा शहाणपणा कुणाचा?" "माझा. अर्धवट वाटत होती, काका." "वाटू दे की! बोटी समुद्रात असताना ती पूर्ण वाजवत नाहीत, पोरी. वाजवली, की माणूस परतत नाही." मर्डिनाला हसण्यावारी न्यायचं होतं, पण तावदानं वाऱ्यानं खडखडत होती. तिनं रबर काढून स्वरलिपीच्या तिन्ही प्रतींवरचा तो सूर घासून घासून खोडला. "चौथी प्रत?" काकांनी विचारलं. मर्डिनानं खिडकीतून समुद्राकडे पाहिलं. "त्यानं नेलीय, क्लॅरिनेटसकट. शेवट अजून बसत नाही, बोटीवर पक्का करतो, म्हणाला."