कुकरची शिट्टी

सीएच्या फायनलला मी पहिल्याच फटक्यात पास झाले. आई म्हणाली, "बरं झालं बाई. येताना दूध आणलंस का?"

धाकटा भाऊ पाचदा आपटला. तो पुन्हा पुस्तकं उघडून बसला की सगळं घर चवड्यावर चालायचं. बाबा टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघायचे. आई तर कुकरची शिट्टी वाजायच्या आत चिमट्याने उचलून वाफ सोडायची. "त्याची लिंक तुटते गं!" माझा नुसता जळफळाट व्हायचा. दूध आणायला अर्थात मीच.

काल सहाव्या खेपेला तो पास झाला. आई रडली. बाबांनी सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. माझ्या वेळी ते मीच लावले होते.

आज सकाळी कुकरने सणसणीत शिट्टी मारली. भाऊ दचकून स्वयंपाकघरात आला.

"आई, शिट्टी!"

"वाजू दे की. आता कसला अभ्यास? उठलाच आहेस, तर दूध घेऊन ये."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खुंटीवरची पिशवी काढून त्याच्या हातात दिली. कालपासून घशात अडकलेलं 'अभिनंदन' आत्ता कुठे बाहेर पडलं.