ताईंचा डबा

"यात ताईचा काय दोष?" घड्याळजी खाटेवरूनच म्हणाला.

"दोष नाही हो, पण योगायोग तरी किती वेळा व्हावा?" बायकोने वही पुढे धरली. "पहिल्या झटक्याच्या दिवशी ताई आल्या होत्या. दुसऱ्याच्याही. डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंत ना?"

डॉक्टर म्हणाले होते, हृदयाच्या नळ्या स्वच्छ आहेत, पण शरीराला कशाचं तरी वावडं आहे. ते पोटात गेलं की अंगावर गांधी उठतात, आणि त्याच सपाट्यात हृदयाची नळी आवळते. दोनदा वाचलात, तिसऱ्यांदा सांगता येत नाही. खाल्लेलं सगळं लिहून काढा.

तिने दोन्ही दिवसांचं आठवून आठवून लिहिलं, अगदी चहात साखर किती इथपर्यंत. रोजच्यापेक्षा वेगळं खाणं एकच निघालं. ताईंच्या हातची बदामाची बिस्किटं.

ताई म्हणजे घड्याळजीची थोरली बहीण. मनाने लोणी, पण तोंडाला विश्रांती म्हणून नाही. आली की दुकानातच स्टूल ओढून बसायची. भाऊ डोळ्याला भिंग लावून मुंगीएवढे स्क्रू फिरवतोय आणि हिचं आपलं चालूच: शेजारणीची सून, मोरीचा नळ, स्वतःचे गुडघे. ती गेली की तो कपाळ दाबत आत यायचा. "डोकं उठवलं गं बाईने!" या बडबडीपुढे बामही हरला, म्हणून हल्लीच बायकोने डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट आणून ठेवलं होतं. त्यावरून दोघं पोट धरधरून हसले होते.

आता कुठलं हसू! तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

पुढच्या आठवड्यात ताई डबा घेऊन दारात आली, तेव्हा बायकोच पुढे झाली. "ताई, रागावू नका. बिस्किटं नकोत. आणि सध्या तुम्हीही येऊ नका."

"मी? अगं, अंगाखांद्यावर खेळवलंय मी त्याला."

"हाताला एखादा कण राहिला तर? मला माझा नवरा हवाय, ताई."

ताई डबा पदराखाली झाकून पायऱ्या उतरली.

घड्याळजीने ते काउंटरमागून पाहिलं. त्या दिवशी त्याने एकही घड्याळ उघडलं नाही, की अन्नाला शिवला नाही. संध्याकाळी ढसाढसा रडला. "आईच्या माघारी तिने वाढवलं मला, आणि मी तिला दारातून परत पाठवलं. डोकं फुटायची वेळ आलीय."

"पुरे आता, माझी शपथ आहे," ती कळवळून म्हणाली. पाणी दिलं, कपाळावरून हात फिरवत निजवलं.

अर्ध्या तासात मान लालबुंद झाली. मग घाम, मग छातीवर आवळलेली मूठ. उशाजवळचं सगळं पिशवीत कोंबून ती त्याला घेऊन दवाखान्यात धावली.

निरोप मिळताच ताईही धापा टाकत आली. "तुम्ही लांबच बसा!" बायको ओरडली. ताई कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसली.

डॉक्टर घाईने बाहेर आले. "हृदय चालू आहे, पण बेभरवशाचं. लवकर सांगा, आज काय खाल्लं?"

"काहीच नाही हो! सकाळपासून उपाशी आहेत. घोटभर पाणी तेवढं प्यायले, तेही..."

ती थांबली. पिशवीत हात घालून तिने डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट बाहेर काढलं. दहातल्या तीनच गोळ्या संपल्या होत्या.